खडी, फेविकॉल आणि भांड्यांचा साबण

कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय असो की हाम्बुर्गचं मिनिआटुर वुंडरलँड, बघणारे गाडी बघतात, बोगदा बघतात, सिग्नल तांबडा झाला की पोरांना दाखवतात. रुळाखालच्या खडीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. खडीचं नशीबच तसं: नीट बसली तर कुणाला दिसत नाही आणि बिघडली तर दुसरं काही दिसत नाही. ती बसवायची रीत कुठल्याही छंदिष्टाला विचारा, अर्ध्या मिनिटात सांगून मोकळा होईल. कोरडी बारीक वाळू रुळांमध्ये पसरा, कुंचल्याने सारखी करा, पाणी फवारून भिजवा, निम्मं पाणी घातलेला फेविकॉल थेंब थेंब सोडा, रात्रभर हात लावू नका. आणि हो, फवारायच्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. माझं म्हणणं असं, की ही रीत ऐकून कुणाला येत नाही, चुकूनच येते; आणि त्यात शिकणाऱ्याच्या अकलेचा दोष नाही, पाण्याचा आहे.

छोटी रेल्वे म्हणजे सगळ्या जगाला एका आकड्याने भागणं. एचओ या मापात तो आकडा 87. भारतीय रेल्वेची मोठ्यातली मोठी खडी 65 मिलिमीटरची; ती इथे पाऊण मिलिमीटरची होते. स्लीपर भागला जातो, डबा भागला जातो, स्टेशनमास्तरही भागला जातो आणि दोन सेंटिमीटरचा होऊन निमूट फलाटावर उभा राहतो. पाणी मात्र भागाकार मानत नाही. ड्रॉपरमधून सुटणारा चार मिलिमीटरचा थेंब त्या जगात फूटभराहून मोठा गोळा असतो. तो वरून आदळला की खडीत खड्डा पडतो, दाणे स्लीपरवर उडतात, आणि थेंब स्वतः आत मुरायचं सोडून अंगाला वाळू फासून वरच गोल बसून राहतो. पाण्याचा हा पृष्ठताण साबणाने मोडतो. तो एक थेंब वाचताना इतका किरकोळ वाटतो, की पहिल्या खेपेला पुष्कळ जण तो टाकतच नाहीत. दुसऱ्या खेपेला सांगावं लागत नाही. वाळूचीही तीच कथा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू रंगाला झकास दिसते, पण तिच्यात लोहयुक्त खनिजं असतात आणि इंजिनाच्या मोटरीत लोहचुंबक. पुढचं सांगायला नको. वाळूतून आधी चुंबक फिरवून घ्यायची सूचना कुणा शहाण्याने आरामखुर्चीत बसून काढलेली नाही. तिच्यामागे एक कुरकुरणारं इंजिन आहे.

यावर कुणी म्हणेल, आता सगळ्याचे व्हिडिओ आहेत, चुकायचं कशाला? व्हिडिओत हात कुठे जातो ते दिसतं. तुमचा गोंद किती घट्ट, तुमची वाळू किती बारीक, मुंबईच्या जुलैत तो गोंद वाळायला किती वेळ घेतो, हे त्यात कसं दिसणार? शिवाय व्हिडिओ करणारा आपली फसलेली खेप कापून टाकतो, म्हणजे नेमका शिकण्याजोगा भाग. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: काटोसारख्या जपानी कंपन्या खडीचा साचा असलेलेच रूळ विकतात, ते आणावेत आणि गाडी सोडावी. जरूर आणावेत. पण कारखान्यातलं वळण कारखान्याच्या मापाचं. आपल्या टेबलाच्या कोपऱ्याची त्याला फिकीर नसते. आणि विकतचं म्हणजे बिनचूक, हाही भ्रमच. बाजारात मिळणारे एचओ रूळ 16.5 मिलिमीटर अंतराचे, म्हणजे युरोपातल्या 1435 मिलिमीटरच्या मार्गाची प्रतिकृती. आपली ब्रॉडगेज 1676ची. हिशेबाने 19 मिलिमीटरच्याही वर हवी. तरी त्यावरून डेक्कन क्वीन धावते आणि कुणाची तक्रार नसते. पैसे मोजून आणलेली चूक आपण खपवून घेतो, घरी केलेली तेवढी सलते.

राहिला तिसरा आक्षेप, तो बहुधा स्वयंपाकघरातून येतो: मोठ्या माणसांनी हे खेळ करायचे का? खऱ्या रेल्वेवाल्यांनी तरी दुसरं काय केलं? भोर घाटाची चढण त्यांनी 1863 मध्ये खुली केली आणि चार वर्षांत तिथला एक मोठा पूल कोसळला. तिथे चूक दगडी होती. सगळा पूल नव्याने उभारावा लागला. टेबलावरची चूक फेविकॉलची असते. वाळलेल्या फेविकॉलवर कोमट पाणी सोडा, तासाभराने मऊ पडतो, खडी खरवडा, धुवा, वाळवा, पुन्हा पसरा. चूक इतकी स्वस्त असेल तिथे चुकत शिकणं हा आळस नाही, ती काटकसर आहे. याला अपवाद एकच, आणि तो लपवण्यात अर्थ नाही: सांधा. सांध्याच्या हलत्या रुळांत गोंद उतरला की गाडी मरेपर्यंत एकाच दिशेला जाते, आणि सांध्याची किंमत वाळूसारखी नसते.

तेव्हा सुरुवात वीतभर सुट्या रुळावर करा, फळीच्या तुकड्यावर, आणि तो तुकडा वाया जाणार हे धरूनच चाला. सांध्याची पाळी आली की त्याच्या हलत्या भागांना आधी तेलाचं बोट लावा, तिथे खडी कमीच घाला आणि गोंद वाळेपर्यंत मधूनमधून तो हलवत राहा. आणि भांड्यांचं लिक्विड नेलंत तर बाटली परत मोरीवर ठेवा.