डिझेलचं सोवळं

पुण्यात मनासारखं भांडं मिळालं नाही, असं कुणी म्हणू शकत नाही. तांब्या-पितळेसाठी कसबा पेठेत तांबट आळी आहे, स्टीलला तुळशीबाग, नळ-नळ्या-वॉशरांना रविवार पेठेतली बोहरी आळी. आणि आपल्याला नक्की काय हवंय हेच ठाऊक नसेल तर बुधवार-रविवारचा जुना बाजार. या सगळ्या बाजारपेठा एका झटक्यात नापास करायची कामगिरी माझ्या मेव्हण्याने केली. त्याला घरी बायोडिझेल करायचं होतं.

त्याच्याकडे जुनी डिझेल जीप आहे आणि दिवाळीनंतर चकल्यांचं तळणीचं तेल. ‘1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं,’ हे तो आल्यागेल्याला ऐकवी. सरकारने 2018च्या धोरणात 2030पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळायचं ठरवलंय. हा थेट शंभर टक्क्यांवर जाणार होता. कृती सोपी होती. तेल गाळायचं, पंचावन्न-साठ अंशांपर्यंत तापवायचं, मिथेनॉलमध्ये विरघळवलेला कॉस्टिक सोडा त्यात घालून ढवळत राहायचं. ग्लिसरीन तळाला बसतं, डिझेल वर राहतं.

“कशात करणार?” सासूबाईंनी विचारलं.

इथून पुढे डिझेल बाजूला राहिलं आणि भांड्यांची बोलणी सुरू झाली. घरात जर्मनचं मोठं पातेलं होतं. डिझेलसाहेबांचे आईवडील जर्मन असले तरी हे जर्मन चालेना. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो आणि वर हायड्रोजन सोडतो. जस्ताची बादली त्याच कारणाने गेली. मग मेव्हण्याची नजर माळ्यावरच्या तांब्याच्या बंबावर गेली. मधे जळणाचं नळकांडं, बाजूला तोटी. सगळी सोय तयार. पण मिथेनॉल पासष्ट अंशांच्या आतच उकळतं आणि त्याची वाफ पेट घेते. बंबात लाकडं सारली असती तर जीपच्या आधी मेव्हणाच निघाला असता. शिवाय तांबं-पितळ लागलं की बायोडिझेल लवकर खराब होतं, खाली चिकट गाळ धरतं.

“म्हणजे पितळेत ताक कळकतं तसंच की,” सासूबाई म्हणाल्या. “आतून कल्हई लावून घे.”

पण कल्हई म्हणजे कथील, आणि कॉस्टिक कथिलालाही सोडत नाही. इतक्या पिढ्यांच्या ज्ञानाला असा नकार मिळाल्यावर सासूबाईंनी या प्रकरणात जातीनं लक्ष घातलं.

उरलं स्टील. तुळशीबागेत दुकानदाराने स्टीलच्या पिंपाला चुंबक लावून दाखवलं. “चिकटत नाही बघा. अस्सल 304!” मेव्हणा म्हणाला, “202लाही चिकटत नाही.” दुकानदाराने चुंबक गल्ल्यात ठेवलं. सासूबाईंना हे फार आवडलं. पुढे वाटेत दिसेल त्या स्टीलच्या डब्याचा त्या नंबर विचारू लागल्या.

बोहरी आळीत तोटीचा प्रश्न आला.

“पितळी घ्या. नातवापर्यंत चालेल.”

“पितळ नको.”

“सोडणार काय आहात आतून?”

“डिझेल.”

“अहो, डिझेलला सगळे पितळच लावतात!”

“हे घरचं आहे.”

दुकानदाराने स्टीलचा व्हॉल्व्ह काढला. त्यामागे रबरी नळी आली. ती नको, बायोडिझेलने रबर फुगतं आणि लिबलिबीत होतं. वॉशरही साधा नको, व्हायटॉनचा हवा. साठवायला पीव्हीसी नको, एचडीपीईचं निळं पिंप हवं. मेव्हण्याने ते उलटं करून तळाच्या त्रिकोणात 2चा आकडा आहे की नाही ते पाहिलं. “एवढं सोवळं आमच्याकडे देवाचंही नसतं,” दुकानदार म्हणाला.

त्याचं खरंच होतं. हे तेल चकलीसोबत असताना कुठल्याही कढईत निमूट उकळत होतं. डिझेल व्हायचं ठरल्याबरोबर त्याला तांबं शिवेना, रबर सोसेना. वर स्वतःचा स्वभाव असा, की जुन्या टाकीत गेलं की वर्षानुवर्षांचा मळ सोडवून फिल्टरमध्ये नेऊन कोंबायचा.

“पाषाण रस्त्यावरच्या एनसीएल प्रयोगशाळेवाल्यांनी कॉस्टिकऐवजी लोह-जस्ताचा घन उत्प्रेरक काढलाय,” मेव्हणा म्हणाला.

“मग तिथंच जाऊन कर,” सासूबाई म्हणाल्या.

सगळी सामग्री नंबरांसकट गॅलरीत मांडून झाल्यावर मिथेनॉल आणायला गेलो. ते विष म्हणून नोंदलेलं. विक्रेत्याने परवाना मागितला, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्याआधीच गॅलरीकडे बघून प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची 2018पासून ‘रुको’ नावाची योजना आहे. वापरलेलं तेल गोळा होऊन बायोडिझेलच्या कारखान्यात जातं. आमचं तेल त्या वाटेने गेलं.

राहिलं स्टीलचं पिंप. मेव्हण्याने पडतं घेत आईला विचारलं, “कैरीचं लोणचं घालतेस का यात?”

सासूबाईंनी पिंपावर टिचकी मारली. “304 ना? मिठापुढे टिकायचं नाही. 316 आणलं असतंस तर विचार केला असता.”