भाकड हौद

डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रांत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठच्या गोठलेल्या दवबिंदूंचं छायाचित्र येतं. लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात ते उन्हात खुर्ची टाकून पाहायचं असतं. इथली थंडी म्हणजे पहाटे शाल आणि अकरा वाजता पंखा. औराद शहाजानीच्या हवामान केंद्रावर पारा जरा घसरला की तालुकाभर त्याचीच चर्चा, पण पाणी काही गोठत नाही. आणि फार्महाऊसवर पोहण्याचा हौद बांधून बसलेल्या मालकाची नेमकी हीच अडचण आहे.

बर्फाच्या देशांत हे सोपं असतं. हिवाळ्याआधी नळ्यांतलं पाणी काढायचं, वर झाकण ताणायचं आणि उन्हाळ्यापर्यंत त्या बाजूला फिरकायचं नाही. पंचाईत होते ती अधल्यामधल्या हवेत. टेक्सासात २०२१ च्या फेब्रुवारीत अचानक गोठवणारी थंडी आली, वीज गेली, पंप थांबले आणि कित्येकांच्या परसातल्या हौदांच्या नळ्या फुटल्या. निलंग्यात वीज जायला वादळ लागत नाही, पण नळ्या तरी शाबूत राहतात. तेवढंच समाधान.

हिवाळ्यातला हौद म्हणजे भाकड म्हैस. दूध थेंबभर नाही, पण वैरण वेळेवर लागते, आणि विकायची म्हटलं तर गिऱ्हाईक पुढच्या उन्हाळ्यात येणार. गड्याला हे काही पटत नाही. "मालक, पाण्यात कुणी उतरंना, मग मोटार कशाला चालवलालाव?" हा त्याचा रोजचा प्रश्न. मालकाकडे उत्तर असतं, पण ते लांब असतं, आणि तोवर गडी ज्वारीत गेलेला असतो.

ते उत्तर असं. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर तीस सेंटिमीटर खोल असा हौद धरला, तर त्यात जवळपास ४२ हजार लिटर पाणी मावतं. ते सोडून द्यायचं म्हणजे पुन्हा भरायला दहा हजार लिटरचे चार टँकर, वर थोडं बोअरचं. शिवाय खालची जमीन काळी. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. फुगलेली असताना ती भिंतींना बाहेरून रेटते. भरलेल्या हौदातलं पाणी तो रेटा आतून तोलून धरतं. पावसाळा चांगला झालेल्या वर्षी हौद रिकामा केला, तर मुरलेलं पाणी तळालाही खालून ढकलू लागतं. २०२२ साली तालुक्यातल्या हासोरी गावात जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले, तेव्हा माणसं घरांच्या भिंतींना गेलेले तडे पाहत होती. अशा दिवसांत हौदाच्या फरशा मोजणारा मालक शेजाऱ्यांना फारसा आवडत नाही.

आवडू नये याला कारणही आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. म्हणजे वाघिणीला पन्नास हजार. या हिशेबाने परसातला एक हौद म्हणजे त्या गाडीची जवळजवळ एक वाघीण. लातूर जिल्ह्यात हौद बांधणारा माणूस हा भागाकार कधी ना कधी करतोच, आणि मग पाहुण्यांना सांगताना "छोटासा टँक आहे, शेततळ्यासारखा" असं म्हणू लागतो. पाणी सोडायचं नाही, हा नियम त्या भागाकारातून आलेला आहे. काळी माती त्याच्या मदतीला उभी राहते एवढंच.

हवा कोरडी असल्याने पाणी उडतही राहतं. दिवसाला तीन मिलिमीटर धरलं, तर रोज शंभर लिटरच्या आसपास. झाकण घातलं तर हे बरंच वाचतं. पण झाकण म्हणून कुणी शेततळ्याचा उरलेला प्लास्टिक कागद अंथरतो, त्यावर दव साचतं, दवावर धूळ बसते आणि त्या चिखलात धोबी पक्षी शेपटी हलवत फिरतो. हा पाहुणा हिवाळ्यात उत्तरेकडून येतो. हौदाचा रोजचा आणि विनातक्रार वापर करणारा तेवढाच एक.

पाणी जिवंत ठेवायचं तर ते फिरवावं लागतं. तासाला दहा हजार लिटर उपसणारा पंप वाळूच्या फिल्टरमधून सगळं पाणी एकदा काढायला चार तासांहून थोडा जास्त वेळ घेतो, आणि थंडीत दिवसाला एवढं पुरतं. प्रश्न वेळेचा. शेतीची थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पुसात शेजारी हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री उठतो, आणि बांधापलीकडे मालक पाण्यालाच पाणी दाखवायला उठतो. दोघांच्या बॅटऱ्यांचे झोत एकमेकांवर पडतात तेव्हा मालक आपली आधी विझवतो.

औषधाचं मात्र गावाला कौतुक नाही, कारण ते ओळखीचंच. ग्रामपंचायत टाकीत टाकते ती टीसीएल पावडर. ४२ हजार लिटरला पाव किलो ताजी पावडर पुरते. जुनी, हवा लागलेली पावडर मात्र नुसता चुना. थंडीत शेवाळ हळू वाढतं, क्लोरीनही कमी खर्च होतं. म्हणून मालक निर्धास्त होतो, आठवडाभर विसरतो, आणि मग आशाताई बॅटरी घेऊन डासांच्या अळ्या शोधायला येतात. त्या गप्पी मासे सोडायचा सल्ला देतात. मासे सोडले तर क्लोरीन टाकता येत नाही, आणि क्लोरीन टाकलं तर मासे राहत नाहीत. यावर सरकारी परिपत्रक अजून निघालेलं नाही.

कधीतरी एखादा जावई पाणी गरम करायची कल्पना मांडतो. वीस अंशांचं पाणी सव्वीसवर न्यायला सुमारे २९० युनिट वीज लागते. बादलीत टाकायचा दीड हजार वॅटचा रॉड लावला तर आठ दिवस अखंड, आणि तेही रात्री पाणी गार होत नाही असं मानून. हिशेब ऐकून जावई हुरड्याकडे वळतो.

तरीही हा खटाटोप का, तर वेळ अमावस्येसाठी. लातूर-धाराशिवकडची येळवस ऐन थंडीत येते. जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, शहर ओस पडतं आणि सगळे शेतात. कडब्याच्या खोपीत पूजा, मग आंबील, भज्जी, उंडे, खीर. दुपारी ऊन तापलं की पोरं कपड्यांसकट हौदात उड्या घेतात, आणि महिनाभर रात्री उठून राखलेलं निळं पाणी तासाभरात ताकाच्या रंगाकडे झुकतं. खोबरेल तेलाचा तवंग काठाला लागतो, सुताचे धागे फिल्टरच्या जाळीत अडकतात, आणि कुणीतरी हमखास आंबिलीचं बिंदगं त्यातच विसळतं. घाम, तेल, ताक हे सगळं क्लोरीनच खाऊन टाकतं. त्या रात्री नेहमीच्या कितीतरी पट पावडर टाकावी लागते. आंबिलीने जड झालेला मालक ती टाकतो, तेव्हा गडी पहिल्यांदाच काही विचारत नाही. त्याचीही पोरं दुपारी पाण्यात होतीच.

तेव्हा निलंग्याकडे कुणाच्या शेतात येळवशीचं आमंत्रण असेल तर जरूर जा, आणि हौद असेल तर जरूर उतरा. फक्त डोक्याला तेल लावून जाऊ नका, आणि बिंदगं बोअरच्या नळावर धुवा.