फियाटवाले काका

दादर, गिरगाव, पार्ले, मुलुंड, ठाणे, कुठेही जा, चार-पाच इमारतींमागे एक तरी फियाटवाले काका सापडतातच. आरसी बुकात गाडीचं नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ असतं, पण काका तिला फियाटच म्हणतात. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं 1970च्या दशकात फियाट हे नाव काढून पद्मिनी केलं, त्या निर्णयाला काकांनी अद्याप मान्यता दिलेली नाही. या गाडीचं उत्पादन चालू शतकाच्या सुरुवातीलाच थांबलं. ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. काकांची गाडी खासगी, म्हणून अजून आहे. म्हणजे तिचा जो भाग गंजला नाही तो आहे, आणि जो गंजला तो काकांनी नवा बसवून घेतलाय.

पुण्यातही हे काका आढळतात. पण तिकडच्या कोरड्या हवेत त्यांचं दुखणं सौम्य असतं. ते बहुतेक कार्ब्युरेटरवर बोलतात. अस्सल नमुना पाहायचा तर किनाऱ्याकडेच यायला हवं. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू एवढं पुरतं, त्यात मीठ मिसळलं की कामाला वेग येतो, आणि मुंबईची हवा या तिन्ही गोष्टी फुकट पुरवते. जूनमध्ये बाकीची मुंबई लोकल बंद पडणार का याची चिंता करते. काका दारांच्या पोकळीत पाणी किती साठेल याची करतात.

रविवारी सकाळी ते गाडीशेजारी गोणपाट अंथरून आडवे होतात. हातात एक जुना स्क्रूड्रायव्हर. त्याच्या मुठीनं ते पत्र्यावर टिचक्या मारत जातात. चांगला पत्रा ‘टण्’ वाजतो, लांबी म्हणजे पुट्टी भरलेला ‘ठप्’ वाजतो, आणि जिथे काहीच वाजत नाही तिथे स्क्रूड्रायव्हर आत गेलेला असतो. मग देवगडचा हापूस देठाशी दाबून बघावा तसा ते दाराच्या खालच्या कडेवर अंगठा दाबतात. रंगाखाली बारीक फोड आलेला दिसला की चेहरा पडायला हवा, काकांचा उजळतो. पुढच्या तीन रविवारांची सोय झालेली असते.

त्या फोडाविषयी ऐकायची तयारी मात्र ठेवावी लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून वर ढकलतो. बाहेर फोड दिसला म्हणजे आत पत्रा कधीच गेलेला असतो. पाणी येतं खिडकीच्या रबरातून, दाराच्या आत उतरतं आणि तळाशी ठेवलेल्या बारीक भोकांतून बाहेर पडायला हवं. भोकं मातीनं बुजली की दाराची टाकी होते. हे सगळं काका लिफ्टमध्ये, तळमजला ते चौथा मजला एवढ्या वेळात सांगून टाकतात. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ हल्ली जिन्यानंच जातात.

काकांच्या आयुष्यात पत्नीखालोखाल महत्त्वाची व्यक्ती म्हणजे डेंटर. या उस्तादांचं गॅरेज कुठल्याशा पुलाखाली असतं आणि त्यांची तारीख कोर्टाच्या तारखेइतकीच पक्की असते. काका फोड दाखवतात. उस्ताद ग्राइंडर लावतात, लाल धूळ उडते आणि फोडाच्या जागी तळहात जाईल एवढं भगदाड पडतं. ‘अंकल, पूरा नीचे का गया है,’ उस्ताद म्हणतात. काका मान डोलावतात. त्यांना हे रविवारीच कळलेलं असतं, फक्त कुणीतरी हिंदीतून सांगायला हवं असतं.

पुढे जे चालतं त्याला दुरुस्ती म्हणण्यापेक्षा पंथांमधला वाद म्हणावा. एक पंथ लांबीवाल्यांचा. यात भोकात एम-सील किंवा फायबर भरायचं, वर लांबी ओढायची, घासायचं, रंग मारायचा. गाडी संध्याकाळी चकाचक. पण ही लांबी ओल धरते, खाली राहिलेला गंज आपलं काम चालू ठेवतो आणि पुढच्या गणपतीपर्यंत तो फोड नातेवाईकांसह परत येतो. जुन्या कारागिरांपैकी काहींनी तर भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून वर लांबी थापलेली असते. असा बोळा निघाला की काका काम थांबवून, चष्मा पुसून, त्यातला क्रिकेटचा धावफलक वाचत बसतात. उस्तादही बसतात. त्या दिवशी वेल्डिंग होत नाही.

काका अर्थातच दुसऱ्या पंथाचे. खराब पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, तेवढ्याच मापाचा वीस गेजचा तुकडा घडवायचा, आणि वेल्डिंगचे टाके सलग न मारता एक इकडे, एक तिकडे असे मारायचे, नाहीतर उष्णतेनं पत्र्याला पोक येतो. मग घासणं, प्राइमर, सांध्यात सीलर, वर नावापुरती लांबी, शेवटी रंग. आणि जोडाच्या आतल्या बाजूनं मेण किंवा तेलाचा फवारा, कारण वेल्डिंगनं आतला रंगही जळालेला असतो. हा क्रम बरोबर आहे, यात काकांशी वाद घालायला जागा नाही. वाद फक्त वेळेचा. या पद्धतीनं एक दार पुरं होईपर्यंत दुसरं तयार होत असतं, गंजायला.

एकदा मात्र घाई झाली आणि ती कथा काका अजून सांगतात. फियाटला वेगळी चेसिस नाही, सगळी बॉडीच भार पेलते. त्यामुळे दाराखालचे रनिंग बोर्ड कापताना आधी दाराच्या चौकटीत आडवी कांब टाकून ती ताणून धरावी लागते, आणि एका वेळी एकच बाजू उघडायची असते. नवशिक्या कारागिरानं दोन्ही बाजू एकदम कापल्या. गाडी मधोमध किंचित बसली. चारही दारं उघडली ती मिटेनात. सगळं पुन्हा कापून सरळ होईपर्यंत काका दारं सुतळीनं बांधून गाडी चालवत होते आणि सिग्नलला कुणी विचारलंच, तर ‘हवा येते’ म्हणून सांगत होते.

रसायनशास्त्रही त्यांनी सोडलेलं नाही. दिल्लीत कुतुबमिनारजवळचा लोहस्तंभ सुमारे 1,600 वर्षं जवळपास गंजाशिवाय उभा आहे, कारण त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर धरतो, हे काकांनी वाचलेलं असतं. गंजावर लावायच्या द्रावणातही बहुधा फॉस्फोरिक आम्लच असतं, ते गंजाचं काळपट फॉस्फेट करतं, हेही त्यांना ठाऊक असतं. या दोन खऱ्या गोष्टींवरून आपली गाडी गुप्तकाळापासूनच्या परंपरेत बसते, असा तिसरा निष्कर्ष त्यांनी स्वतःच काढलेला असतो. कोलामध्येही थोडं फॉस्फोरिक आम्ल असतं. त्यामुळे बंपरच्या क्रोमवरचे गंजाचे ठिपके ते कोला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चुरगळलेल्या फॉइलनं काढतात, आणि ते निघतातही. नातवाला कोला पिऊ देत नाहीत, गाडीला मात्र पाजतात.

त्यांच्या खिशात चुंबक असतं. फ्रिजवरचं, गणपतीच्या आकाराचं. ओळखीतला कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला की काकांना सोबत नेतो. विकणारा ‘एकहाती वापरलेली, ओरिजिनल पेंट’ वगैरे सांगत असतो, काका निमूटपणे बाप्पाला मडगार्डला चिकटवतात. पत्रा असेल तिथे बाप्पा बसतात. लांबीचा जाड थर असेल तिथे घसरून खाली येतात. कोकणात देवाचा कौल घेतात, त्याहून हा कौल जलद आणि बिनखर्चाचा. विकणाऱ्याला तो अजिबात आवडत नाही.

सुटे भाग कुर्ल्याला, सीएसटी रोडवरच्या भंगारवाल्यांकडे. टॅक्सी मोडीत निघाल्या तेव्हा काकांनी तिथून एक काळं-पिवळं दार आणलं. घरी येऊन रंग खरवडला तर ते दारही त्याच जागी, तळाच्या कडेला, खाल्लेलं. काकांना यात समाधानच वाटलं. निदान त्यांच्या दारात वैयक्तिक दोष नव्हता.

काकूंचं मत वेगळं असतं. ‘अहो, माझ्या गुडघ्याला कधी लावताय तो लाल प्राइमर?’ असं त्या दर पावसाळ्याआधी एकदा विचारतात. एका वर्षी त्यांनी प्रेमानं गाडीला प्लॅस्टिकचं कव्हर आणलं. कव्हराखाली ओल कोंडते आणि झाकलेली गाडी उघड्या गाडीहून जास्त गंजते, यावर काकांनी जेवताना भाषण दिलं. ते कव्हर आता वाळवणाच्या पापडांवर असतं.

मुलगा न्यू जर्सीत. ‘बाबा, विकून टाका,’ हे त्याचं फोनवरचं ठरलेलं वाक्य. एका हिवाळ्यात काका त्याच्याकडे गेले आणि बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक त्यांनी खिडकीतून पाहिला. सरकारच स्वखर्चानं गाड्यांखाली मीठ टाकतं, हे बघून त्यांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी उठून त्यांनी मुलाच्या गाडीचा खालचा भाग गरम पाण्यानं धुऊन काढला. कोकणात काशीदला, दिवेआगरला थेट पुळणीवर, लाटांत गाडी घालणारे हौशी पर्यटक दिसले की त्यांचा रक्तदाब असाच वाढतो. त्या गाड्या रुतून बसतात तेव्हा ढकलायला सगळ्यांत आधी काकाच धावतात, आणि ढकलता ढकलता चेसिस नंबर गंजल्याचं मालकाला सांगतात.

त्यांचा एक उपाय आम्हाला पटत नाही. पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं इंजिन ऑइल मारणं. त्यानं पत्रा वाचतो हे खरं, पण ते तेल पहिल्या सरीबरोबर सोसायटीच्या फरशीवर आणि तिथून गटारात जातं. सोसायटीच्या नोटीस बोर्डावरच्या ‘संबंधितांनी नोंद घ्यावी’ या सूचनेतले संबंधित म्हणजे एकटे काका. हल्ली त्यांनी बाजारातलं रबरी अंडरकोटिंग आणलंय. ते गंजावरच मारलं तर आतल्या ओलीला कोंडून धरतं, म्हणून आधी सगळं खरवडणं आलं. खरवडणं चालू आहे.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा गाडी खिडकीपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर बाकीचे इंजिन सुरू होतं का बघत होते. काकांनी आधी सीट आणि गालिचे बाहेर काढले, गोडं पाणी बादलीनं आत ओतलं आणि दारांची अस्तरं उघडून टेबलफॅन लावला. म्हणून तळ त्या वेळी वाचला, आणि ही बढाई नाही.

आता प्रश्न कागदांचा आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्यानं करून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा. एप्रिल 2022 मध्ये नूतनीकरणाची फी 600 वरून 5,000 रुपये झाली, आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना ती 10,000 झाली. काकांना 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 मध्ये आलेल्या व्हिंटेज नियमांची आस आहे. पण त्या नियमांत गाडी मूळ रूपात हवी, बॉडीत मोठा बदल नको अशी अट आहे, आणि शिवाय तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. मूळ पत्रा नेमका किती उरलाय, हे उस्ताद सांगू शकतील. काका त्यांना विचारत नाहीत.

लोक त्यांना चिक्कू म्हणतात, काही जण जुन्या आठवणींत रमणारे म्हणतात. दोन्ही चूक. खर्च केलेल्या पैशांत नवी छोटी गाडी आली असती, आणि आठवणी सांगायला त्यांना सवडच नसते. त्यांना दोष नेमका कुठे आहे ते शोधून काढून तो कापायला आवडतं, आणि फियाट त्यांना कधी निराश करत नाही, एवढाच मामला आहे.

तेव्हा असे काका भेटले तर गाडी विकायची का, असं विचारू नका. आणि तुमची गाडी नवीकोरी असली तरी मृग लागायच्या आत दारांच्या तळाची भोकं काडीनं मोकळी करून घ्या. ती नव्या गाड्यांनाही असतात.