विना वकील, विना विलंब

परदेशी जाऊन चार पैसे गाठीला बांधलेल्या मराठी गृहस्थाला ज्या दोन खर्चांचा मनस्वी तिटकारा असतो, त्यांपैकी पहिला म्हणजे विमानतळावर जादा वजनापोटी मोजावे लागणारे रियाल आणि दुसरा म्हणजे वकिलाची फी. पहिल्यावर तोडगा म्हणून ऐन जूनमध्ये, बाहेर 45 अंशांचे ऊन भाजत असताना, अंगावर दोन कोट चढवून विमानात शिरण्याची विद्या त्याने केव्हाच हस्तगत केली आहे. दुसऱ्यावरचा तोडगा मात्र अलीकडचा असून, रियाधच्या वेशीबाहेर भाड्याने घेतलेल्या एखाद्या इस्तिराहात, म्हणजे सहलीच्या बंगल्यात, मुले पोहण्याच्या हौदात आणि बायका बिर्याणीच्या देखरेखीत गुंतल्या असता, पुरुषमंडळींच्या कोंडाळ्यात तो हलक्या आवाजात सांगितला जातो. "घटस्फोट म्युच्युअल असेल तर वकील कशाला लागतो हो? फॉर्म भरायचा, सही ठोकायची, मोकळे व्हायचे." हे सांगणारा इसम स्वतः सहसा सुखाने संसार करीत असतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आणि गंमत अशी की, कायद्याची पोथी उघडून पाहिली तर ती या इसमाच्याच बाजूने बोलते. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या तेराव्या कलमात स्वच्छ लिहिले आहे की, वकिलामार्फत उभे राहणे हा पक्षकाराचा हक्क असणार नाही; न्यायालयाला गरज भासल्यास ते एखाद्या विधिज्ञास न्यायमित्र म्हणून पाचारण करील. नवराबायकोच्या कलहात काळ्या डगल्याने तेल ओतू नये, न्यायाधीशाने वडीलधाऱ्याप्रमाणे दोघांना समोर बसवून समेट घडवावा, असा त्यामागील उदात्त हेतू. त्या हेतूने 1989 साली पुण्यात आणि मुंबईत कौटुंबिक न्यायालये उघडली. आज त्यांच्या व्हरांड्यात उभे राहून पाहावे. काळ्या डगल्यांतून वाट काढल्याविना पक्षकाराला आपल्याच न्यायाधीशाचे दर्शन घडत नाही. वकील नेमण्यास न्यायालयाची परवानगी लागते, परवानगीसाठी अर्ज लागतो, आणि तो अर्ज वकीलच लिहून देतो. पुढे 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने स्त्रीला, तिच्या उत्पन्नाकडे न पाहता, सरकारी खर्चाने वकील देऊ केला. म्हणजे सरकारने 1984 साली ज्याला दारातून बाहेर काढले, त्यालाच तीन वर्षांनी स्वखर्चाने खिडकीतून आत घेतले.

वकिलाविना फारकत हा काही रियाधच्या इंजिनियरांनी लावलेला शोध नव्हे. महाराष्ट्रातील कित्येक जातींत पंचांपुढे काडी मोडून, देणेघेणे तिथल्या तिथे चुकते करून नवराबायको वेगळी होत, आणि स्त्री पाट लावून दुसरा संसार थाटी. 1955 च्या हिंदु विवाह अधिनियमाच्या एकोणतिसाव्या कलमाने ही रूढी आजही अबाधित राखलेली आहे. जी तिला हीन लेखीत आली त्या पांढरपेशा कुळांना मात्र सुटकेचा मार्ग सापडण्यासाठी आधी सयाजीराव महाराजांच्या बडोद्याने 1931 साली आणि मग मुंबई इलाख्याने 1947 साली कायदा करीपर्यंत खोळंबावे लागले. आणि उभयतांच्या राजीखुशीने वेगळे होण्याची सोय हिंदु विवाह अधिनियमात शिरली ती तर 1976 च्या दुरुस्तीने. काडी मोडण्याइतकी सोपी गोष्ट साधण्यास उच्चकुलीनांस इतका काळ लागला, आणि तरीही वर छापील कागद लागतोच.

परंतु रियाधमध्ये मुळात प्रश्न असा पडतो की, कोणते न्यायालय? सौदी अरेबियाचे न्याय मंत्रालय आता मागासलेले राहिलेले नाही. 'नाजिझ' नावाच्या त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या फिर्याद दाखल होते. तलाकाची नोंद झाली की ती बायकोला मोबाईलवर संदेशाने कळविली जावी, अशी व्यवस्था 2019 च्या जानेवारीपासून झाली. 2022 साली कौटुंबिक बाबींचा लेखी कायदाही जारी झाला. हे सारे पाहून आमच्या परिचयातील एका गृहस्थांस असा साक्षात्कार झाला की, पुण्याला जाण्याची यातायात कशाला, येथील न्यायालयातूनच कागद मिळवावा. त्यांना कोणीतरी 1991 सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याची आठवण करून द्यावयास हवी होती. त्या प्रकरणी नरसिंह राव नावाच्या पतीने अमेरिकेतील मिसुरीच्या न्यायालयाकडून हुकूमनामा आणला होता, आणि आपल्या न्यायालयाने तो मानला नाही. ज्या कायद्याखाली लग्न लागले त्या कायद्यातील कारणावाचून परकी न्यायालयाने दिलेला घटस्फोट येथे चालत नाही, असा दंडक घालून दिला. परकी निवाडे केव्हा मानावेत हे सांगणारे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम तेरावे, हिंदूंच्या घटस्फोटाचे कलम तेरावे आणि वकिलाचा हक्क काढून घेणारे कलमही तेरावेच. विवाहसंस्थेचे तेरावे घालण्याचा असा मुहूर्त ज्या कोणी साधला, त्याच्या पंचांगाला आमचा नमस्कार असो. आपल्या वकिलातीकडे धाव घ्यावी तर तीही निरुपयोगी. 1969 च्या विदेशी विवाह अधिनियमान्वये परदेशातील आपले राजनैतिक अधिकारी विवाह-अधिकारी होऊन लग्न लावू शकतात. लावलेले लग्न मोडण्याचा अखत्यार त्यांना नाही.

कोकणातील खेड, दापोलीकडची जी मंडळी आखातात येऊन स्थिरावली, त्यांच्यातले एक वृद्ध चाचा हा सारा ऊहापोह ऐकून एकदा म्हणाले, "आमच्यातले काही पोरगे मोबाईलवरच तीनदा तलाक म्हणून मोकळे व्हायला निघाले होते, त्यांना 2019 च्या कायद्याने तीन वर्षांची कैद दाखवली. आता तेही वकील शोधतात." तेव्हा याबाबतीत सर्व धर्मांत समता प्रस्थापित झाली आहे, असे समजण्यास हरकत नाही.

अखेरीस आमच्या गृहस्थांनी पुण्याच्या न्यायालयात उभयतांच्या सहीने अर्ज करण्याचे ठरविले, आणि येथून खरी मौज सुरू झाली. कायद्याची पहिली अट अशी की, अर्जापूर्वी निदान एक वर्ष नवराबायको विभक्त राहत असली पाहिजेत. रियाधमध्ये विभक्त राहावयाचे कसे? बाईंचा इकामा, म्हणजे वास्तव्याचा परवाना, नवऱ्याच्या जामिनकीवर, त्यापोटी दरमहा 400 रियालांचा कर तो भरणार, आणि देशाबाहेर पाऊल टाकून परत यावयाचे तर लागणारा परवाना 'अबशर' या सरकारी ॲपवरून, म्हणजे त्याच्याच मोबाईलवरून, तोच काढून देणार. ज्याच्यापासून सुटावयाचे त्याच्याच अंगठ्याखालून सुटकेचा रस्ता! सुदैवाने सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच, सुरेष्टा देवी यांच्या प्रकरणात, एका छपराखाली राहूनही पतिपत्नी विभक्त असू शकतात, मनाने आणि व्यवहाराने नवराबायको म्हणून नांदत नसली म्हणजे पुरे, असे सांगून ठेवले आहे. रियाधच्या मलझ भागातल्या दोन खोल्यांच्या घरात त्या निवाड्याची तंतोतंत अंमलबजावणी झाली. शीतकपाटाचा वरचा कप्पा बाईंचा, खालचा साहेबांचा. विरजणाची भांडी दोन, त्यांवर रंगीत चिकटपट्ट्या दोन. आणि 'गॅस संपत आला आहे' अशा मजकुराच्या चिठ्ठ्या दारावरच्या चुंबकाखाली. या चिठ्ठ्या साहेबांनी तारीखवार जपून ठेवल्या, कारण विभक्तपणाचा तो लेखी पुरावा होता. संसारात असताना या दांपत्याने एकमेकांस इतके नियमित कधी लिहिले नव्हते, असे बाईंनीच आम्हास सांगितले.

अर्जाचा मसुदा साहेबांनी एका नागपूरकर मित्राकडून आणविला. त्याचा घटस्फोट पूर्वीच यशस्वीरीत्या पार पडला होता. नावे बदलली, तारखा बदलल्या, परंतु पाचव्या परिच्छेदात धरमपेठेतील सदनिकेवर पत्नीचा हक्क राहणार नाही, हे वाक्य तसेच राहिले, आणि ज्या सदनिकेत बाईंनी कधी पाऊलही टाकले नव्हते तिच्यावर त्यांनी पाणी सोडले. न्यायालयातील लिपिकाने अर्ज त्रुटी काढून परत केला. अनुक्रमणिका नाही, प्रतिज्ञापत्र सक्षम अधिकाऱ्यापुढे केलेले नाही, लग्नाचा दाखला जोडलेला नाही. दाखला होता, बाईंना रियाधला आणण्यासाठी पूर्वी त्यावर मंत्रालयाचा, परराष्ट्र खात्याचा आणि सौदी दूतावासाचा असे शिक्के मारून घेतले होते, परंतु अस्सल प्रत इकामाच्या कामी कंपनीच्या माणसाकडे दिलेली, आणि तो माणूस रजेवर केरळात.

मग निघाला मुखत्यारपत्राचा विषय. ज्याला 'डीक्यू' म्हणतात त्या राजनैतिक वसाहतीतील आपल्या वकिलातीत जाऊन दोघांनी शेजारी शेजारी रांगेत उभे राहून मुखत्यारपत्रे साक्षांकित करून घेतली. आणि परदेशी केलेला दस्त महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लागला पाहिजे, हा नियम कळताच ती घाईने पुण्यास रवाना केली. साहेबांचे मुखत्यार त्यांचे वडील, बाईंचे मुखत्यार त्यांचे मामा. हे मामा निवृत्त शिरस्तेदार. त्यांनी फी घेतली नाही, हे खरे. परंतु वकील फीच्या मोबदल्यात जे कधी देत नाही ते, म्हणजे लग्न ठरविताना आपण काय इशारा दिला होता त्याची समग्र हकीगत, त्यांनी दर रविवारी दूरध्वनीवरून विनामूल्य दिली. व्याही समोर आले की, पूर्वी मानपानात राहून गेलेल्या शालीचा प्रश्न व्हरांड्यात पुन्हा उपस्थित होई. परस्परसंमती पतिपत्नींची होती, मुखत्यारांची नव्हती.

शिवाय मुखत्यार कितीही उत्साही असले तरी शेवटी न्यायालयाला पक्षकारांचेच म्हणणे ऐकावयाचे असते. तसे राजीखुशीच्या घटस्फोटाच्या कलमातच आहे. समुपदेशक पुण्याच्या दालनात, पक्षकार रियाधच्या दोन वेगळ्या खोल्यांत दोन संगणकांपुढे, आणि मधल्या भिंतीतून एकाचे उत्तर दुसऱ्याच्या ध्वनिक्षेपकात घुमणारे. हा देखावा कोणत्याही विधिमंडळाच्या कल्पनेपलीकडचा होता. दूरदृश्य पद्धतीने साक्ष द्यावयाची तर परदेशी टोकाला वकिलातीचा अधिकारी समन्वयक म्हणून असावा, असे नियम सांगतात. तेव्हा पुन्हा डीक्यू, पुन्हा रांग. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावयाचे, आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा येऊन 'आमचा विचार कायम आहे' असे सांगावयाचे. 2017 च्या अमरदीप सिंग प्रकरणापासून ही सहा महिन्यांची मुदत माफ होऊ शकते. मात्र माफीसाठी विभक्तपणाला दीड वर्ष लोटल्याचे, पोटगीचे व मुलांच्या ताब्याचे सारे मिटल्याचे दाखवून रीतसर अर्ज द्यावा लागतो. तो अर्ज लिहिण्यास मात्र साहेबांनी निमूटपणे वकील केला.

येथे विनोद बाजूस ठेवून एक निरीक्षण नोंदविणे भाग आहे. रियाधच्या मुक्कामात 'वकील कशाला?' हा प्रश्न आम्ही पुष्कळ तोंडांतून ऐकला, परंतु बाईमाणसाच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. तो विचारणाऱ्याच्या खणात बहुधा घरातील सर्वांचे पासपोर्ट असतात, त्याच्या मोबाईलवर सर्वांचे परवाने असतात, त्याच्या एकट्याच्या नावे पगाराचे खाते असते. ज्याचे सारे कागद स्वतःच्या हाती आहेत त्याला वकिलाची गरज नाही, हे त्याचे म्हणणे त्याच्यापुरते बिनचूक आहे. खरोखर भांडण नसेल, मूलबाळ नसेल, दोघांचीही मिळकत स्वतंत्र असेल, तर वकिलाविना घटस्फोट होतो, आणि व्हावा. परंतु जिचा या देशातील वास्तव्याचा परवानाच नवऱ्याच्या अंगठ्याला बांधलेला आहे, तिची 'संमती' कोणत्या अर्थाने परस्पर आहे, हे तपासावयास वकील नसेल तर कोण असणार? पाचव्या परिच्छेदातील सदनिका धरमपेठेत होती म्हणून हसू आले. ती बाणेरात असती आणि तिच्या हप्त्यांत बाईंचे दागिने गेलेले असते, तर तेच वाक्य तितक्याच सहजतेने सही होऊन गेले असते.

तेव्हा ज्या भगिनीपुढे असा छापील फॉर्म ठेवला जाईल तिने सही करण्यापूर्वी आपला पासपोर्ट आणि लग्नाच्या दाखल्याची प्रत आपल्या हाती घ्यावी, फॉर्म जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलास दाखवावा, कारण तो फुकट आहे. आणि महाराष्ट्रात घटस्फोटाच्या कामी स्त्रियांना कोर्ट फीही 1994 पासून माफ आहे. मुदतीच्या आत नवऱ्याला आपली संमती मागे घेता येते, तशी तिलाही येते, हे त्या वकिलाकडून नीट समजून घ्यावे. आणि वकिलातीत हजेरी लागणार नसेल तर तारीख शुक्रवारची मागावी. त्या दिवशी रियाधमध्ये सुट्टी असते, पुण्याचे न्यायालय चालू असते, आणि तिकडे अकराला पुकारा होतो तेव्हा इकडे साडेआठच वाजलेले असतात.