रानपिंगळ्याला उशीर झाला

रानपिंगळ्याला परत यायला ११३ वर्षं उशीर झाला आणि त्याला कुणी जाब विचारला नाही. उलट जगभरच्या पक्षीशास्त्रज्ञांना आनंदाचं भरतं आलं! १८८४ साली जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिशाने त्याचा शेवटचा नमुना मिळवला. त्यानंतर हा गडी जो गायब झाला, तो २५ नोव्हेंबर १९९७ला शहाद्याजवळ पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासमोर भरदिवसा झाडावर बसलेला सापडला. घुबड असून दिवसा हिंडतो, म्हणजे वेळेचं भान मुळातच बेताचं. पुढे तो मेळघाटातही आढळला. तिथल्या कोरकूंना तो हरवल्याची बातमीच पोचली नसावी.

घुबडाला हा न्याय, आणि अमरावतीच्या पक्षीवेड्याला? तो बिचारा रविवारी सकाळी सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणायला म्हणून निघतो आणि छत्री तलावावर उगवतो. दुपारी बाराला फोन वाजतो.

"कुठी हाय तुम्ही?"

"येऊनच राह्यलो ना वं."

"मंग असे हळूहळू काहून बोलून राह्यले?"

"चक्रवाक उडून जाईन ना!"

नवरा तळ्याकाठून कुजबुजतो आहे, एवढीच बातमी घरी पोचते. तिचा अर्थ कोण काय लावील, हे ज्याच्या त्याच्या संसारावर अवलंबून. चक्रवाकाच्या जोडीची रात्री ताटातूट होते आणि दोघंही रात्रभर विरहात झुरतात, असं जुने कवी सांगून गेले. या संसारात ताटातूट दिवसा होते आणि झुरायचं काम एकटी भाजी करते, सांभाराविना.

अकोल्यात वेगळं काही नाही, फक्त ऊन जास्त. मे महिन्यात दहा वाजल्यानंतर शहाणा माणूस कूलरसमोरून हलत नाही. कापशी तलावाच्या काठावर मात्र दुर्बीण डोळ्याला लावून कुणीतरी उभा असतोच. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.

अशा माणसाला वेळेचं भान नसतं, हा मात्र निव्वळ अपप्रचार. त्याची वही उघडून पाहा. 'सकाळी ७.१२. चक्रवाक, नर-मादी. पूर्वेकडून आले. पाणी उथळ.' सरकारी हजेरीपटात सापडणार नाही इतका काटेकोरपणा! थंडीचे पाहुणे औंदा कोणत्या तारखेला उतरले, गेल्या साली कधी, सगळं तोंडपाठ. लग्नाचा वाढदिवस विचारलात तर क्षणभर आभाळाकडे बघतो आणि म्हणतो, "त्या वर्षी बदकं उशिरा आली होती, म्हणजे डिसेंबर असन."

तारखेबद्दलचं हे सोवळं उगाच नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाचे एक लष्करी साहेब होते. पक्ष्यांचे मोठे जाणकार म्हणून मिरवत. त्यांनी लंडनच्या संग्रहालयातला रानपिंगळ्याचा जुना नमुना चोरला आणि आपण १९१४ साली तो गुजरातेत मिळवला, अशी चिठ्ठी त्याला चिकटवली. त्या चिठ्ठीवर विसंबून शोधायला निघालेले लोक भलत्याच रानात भटकत राहिले. एक खोटी नोंद, आणि आख्खा पक्षी बेपत्ता!

शासनालाही अलीकडे या छंदाची लागण झाली आहे. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांच्या मधला काळ राज्यात 'पक्षी सप्ताह' म्हणून साजरा होतो. बोटं मोजून पाहा, दिवस आठ भरतात. पाखरांच्या नादी लागलं की मंत्रालयाचाही हिशेब चुकतो, तिथे सांभार आणायला निघालेल्याची काय कथा.

पण शासनाचा खरा, पिढीजात छंद वेगळाच आहे: घोषणा. त्यात एकदा रमलं की दशकं कशी सरतात, कळत नाही. अमरावतीची बेलोऱ्याची धावपट्टी १९९२ सालची. नियमित प्रवासी विमान उडालं १६ एप्रिल २०२५ला. अकोल्याची शिवणीची धावपट्टी तर १९४३ची, इंग्रज असतानाची. तिची लांबी वाढवण्याची चर्चा मात्र अजून ताजीतवानी आहे. आणि आमची शकुंतला! यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या चिंचोळ्या रुळांवरची गाडी. १९९४पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली, मग डिझेल आलं, मग रुंदीकरणाच्या घोषणा आल्या आणि गाडी गेली. मूर्तिजापूर ते यवतमाळ अंतर ११३ किलोमीटर, रानपिंगळा जितकी वर्षं दिसला नाही नेमका तेवढाच आकडा. रेल्वेने हा योगायोग फारच मनावर घेतलेला दिसतो.

घोषणा करणाऱ्या या मंडळींना मात्र दुपारी बाराला कुणी फोन करून विचारत नाही, "कुठी हाय तुम्ही?" विचारलं तरी उत्तर ठरलेलंच: "येऊनच राह्यलो." तेही कुजबुजत नाही, लाउडस्पीकरवरून.

तेव्हा रेल्वे मंत्रालयाला एक नम्र विनंती. शकुंतलेची फाइल अमरावती-अकोल्याच्या पक्षीनिरीक्षकांकडे सोपवा. गाडी आणणं त्यांच्याही हाती नाही, पण ती शेवटची कुठे दिसली, किती वाजता आणि कोणत्या दिशेने गेली, एवढी नोंद तरी खरी ठेवतील.