अनिच्छुक विद्यार्थ्याचे इंग्रजी लेखन : जोपासना आणि निगा

अनिच्छुक विद्यार्थी इंदुरात बारमाही आढळतो. मराठी कुटुंबातला असेल तर घरी मराठी, नाक्यावर मालवी वळणाची हिंदी आणि इंग्रजी फक्त वेळापत्रकात, अशी त्याची वाटणी असते. आधार पाठ्यक्रमातली इंग्रजी कोणी हौसेने निवडत नाही, ती वाट्याला येते. त्यामुळे तिच्या तासाला जमणारी अनिच्छा अस्सल असते. परंपराही जुनी आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने काढलेले ख्रिश्चन कॉलेज १८८७ चे, होळकर कॉलेज १८९१ चे. म्हणजे या शहरात इंग्रजीचा तास बुडवण्याची सोय सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे.

अशा विद्यार्थ्यातून लेखक काढायचा तर आधी त्याची अनिच्छा जपावी. उत्साही विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात जाडजूड शब्द वापरू लागतो आणि पुष्कळदा तिथेच राहतो. अनिच्छुकाला शब्द खर्चच करायचा नसतो. हा चिक्कूपणा मुरू द्यावा.

पहिली अवस्था पाठांतराची. भंवरकुआच्या बाजूला झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्समधून ‘स्वच्छ इंदूर’ हा निबंध घोकावा. २०१७ मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात आलेला पहिला नंबर, २०२२ मध्ये सुरू झालेला देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प, त्याची रोज ५५० टन ओला कचरा रिचवण्याची क्षमता, हे सगळे त्यात यावे. इकडे रोज सकाळी कचरागाडी गाणे वाजवत दारात येते, आई स्वयंपाकघरातून ओरडते, हा अर्धवट झोपेत दोन बादल्या घेऊन जिना उतरतो आणि ओल्या कचऱ्यात जलेबीची प्लास्टिकची पिशवी निघाल्याबद्दल गाडीवाल्याकडून चारचौघांत बोलणी खातो. यातले अक्षरही निबंधात येऊ देऊ नये. आलेच तर ते वाचनीय होईल आणि नोट्सशी जुळणार नाही.

दुसरी अवस्था अर्जाची. खरी वाढ इथे होते, म्हणून घाई करू नये. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली की परीक्षेला बसू देण्यासाठी प्राचार्यांना इंग्रजीत अर्ज करावा लागतो. पहिल्या खर्ड्यात नुसते ‘सफरिंग फ्रॉम फीव्हर’ असते, आणि गठ्ठ्यातल्या प्रत्येक अर्जात हाच ताप असतो. प्राध्यापक समासात लाल शाईने विचारतात : कधीपासून? औषध कोणाचे? मग शुक्रवारी रात्री साडेबाराला सराफ्याच्या खाऊगल्लीत कसे दिसलात? रचनाशास्त्राचा बहुतेक अभ्यासक्रम या तीन प्रश्नांत आटोपतो.

दुसऱ्या खर्ड्यात ताप मंगळवारी चढतो, गुरुवारी उतरतो आणि शुक्रवारी खंडव्याहून मावशी येते. तिने भुट्ट्याच्या किसाचा हट्ट धरल्यामुळे, अंगात कणकण असूनही, तिच्याबरोबर जावे लागते. क्रम आला, कारण आले, पात्र आले, वर सहानुभूतीही आली. मावशी कल्पित असली तरी कीस खरा असावा. कढईची वाफ आणि लिंबाची फोड ज्याने पाहिली आहे त्याच्या मावशीवर कोणी शंका घेत नाही. अर्ज मोबाइलकडून लिहवून घेण्याची पद्धत अलीकडे पडली आहे. त्यात ताप अत्यंत सभ्य असतो, पण मावशी येत नाही.

उधारी हाही लेखनाला चांगला विषय. ख्रिश्चन कॉलेजात शिकणाऱ्या किशोरकुमारांवर कँटीनवाल्याची उधारी होती आणि पुढे १९५८ च्या ‘चलती का नाम गाडी’तल्या एका गाण्यात ती आण्यांसकट आली, असे सांगतात. आकडा नेमका असल्यामुळेच गोष्ट टिकली. उधारी फेडण्याचा भाग अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

एक इशारा आवश्यक आहे. वाढ कोणत्या भाषेत फुटेल हे शिक्षकाच्या हातात नसते. मराठी घरातले गजानन माधव मुक्तिबोध १९३८ साली होळकर कॉलेजातून बी.ए. झाले आणि नावाजले ते हिंदी कवी म्हणून. इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर वहीत दुसरेच काही लिहिणारा मुलगा दिसल्यास वही जप्त करू नये. फार तर वाचायला मागावी.

इतरांचे अर्ज लिहून देऊ लागला की विद्यार्थ्याची वाढ पूर्ण झाली असे समजावे. ‘भिया, एक अर्ज हवा’ म्हणत वर्गमित्र येतात. मोबदला छप्पन दुकानवर घ्यावा : साध्या तापाला एक कचोरी, बहिणीच्या लग्नाला पोहे-जलेबी, आजोबा वारल्यास दोन्ही. मात्र एकाच सत्रात तेच आजोबा दुसऱ्यांदा वारत असतील तर काम घेऊ नये. अगदीच गळ घातली तर आईचे वडील की वडिलांचे, एवढे आधी विचारून घ्यावे.