सध्यापुरतं

सोलापुरात थंडी पडते यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसत नाही. मे महिन्यात ४३-४४ अंशांत भाजून निघणारं गाव, त्याला कसला गारठा? पण डिसेंबरात पारा १४-१५ वर उतरला की इथं कानटोप्या निघतात, चहाच्या गाड्यांभोवती माणसं हात चोळत उभी राहतात आणि ‘यंदा लई गारठा हाय की ओ’ हे वाक्य नमस्काराऐवजी चालतं. याच दिवसांत भल्या पहाटे एखाद्या जुन्या ट्रकखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतात. एका पायात निळ्या पट्ट्याची स्लीपर, दुसऱ्यात पांढऱ्या. हे मालक.

मालक म्हणजे एका ट्रकचे मालक, त्याच ट्रकचे ड्रायव्हर आणि त्याच ट्रकचे मिस्त्री. पहिल्या दोन कामांबद्दल त्यांना विशेष बोलायचं नसतं. तिसऱ्याबद्दल ते थांबत नाहीत. मोहोळ, माढा, माळशिरस, पंढरपूर, जिथं ऊस आहे आणि कारखाना आहे तिथं हे मालक आहेत. जिल्ह्यात साखर कारखाने तिसाच्या वर. त्यांच्या गव्हाणीत पडणारा ऊस काही बैलगाडीतून येतो, पुष्कळसा ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्यांतून येतो आणि उरलेला मालकांच्या कृपेनं येतो. कृपा म्हणायचं कारण असं, की त्यांचा ट्रक वर्षातले सहा-सात महिने घरामागं बाभळीखाली उभा असतो. केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालतात. दुरुस्ती करायची तर श्रावण-भाद्रपदात करावी, हे मालकांना मान्य आहे आणि दर श्रावणात ते तसं बोलूनही दाखवतात. मग दसरा येतो, गाडीला झेंडूचा हार पडतो, कारखान्याची मोळी पडते आणि पहिल्या खेपेच्या आदल्या रात्री बॉनेट उघडलं जातं.

गाडी टाटा १२१०. या आकड्यातच तिची कुंडली आहे. पहिले १२ म्हणजे भरल्या गाडीचं वजन १२ टन, पुढचे १० म्हणजे साधारण १०० घोडे. यातले घोडे किती उरले हे मालकांनाही सांगता येत नाही. टन मात्र वाढले आहेत. १९५४ साली टेल्कोनं जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले आणि १९६९ साली तो करार संपला. मालकांची गाडी त्यानंतर पुष्कळ वर्षांनी जन्मली. पण वतन जाऊन तीन पिढ्या झाल्या तरी पाटीवर इनामदार लिहिणाऱ्या घरासारखं, गाडीची ओळख करून देताना मालक आजही ‘मूळची मर्सिडीज’ असंच सांगतात.

या मूळच्या मर्सिडीजला थंडी सोसत नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती तापून डिझेल आपोआप पेटावं, एवढंच त्याचं तत्त्व. रिंगा झिजल्या की हवा बाजूनं निसटते आणि दाब भरत नाही. त्यात लोखंड गार, ऑइल घट्ट, बॅटरी अर्धमेली. नोजल डिझेल फवारतं, ते पेटत नाही, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर तेवढा निघतो. यावर नव्या रिंगा घालणं हा एक उपाय आहे. तो मालकांना ठाऊक आहे आणि म्हणूनच नको आहे. ते रात्री इंजिनावर सोलापुरी चादर टाकतात. चांगली, जाड, मोरांच्या नक्षीची. घरी पाहुणे आले तर त्यांना गोधडी मिळते, चादर इंजिनाची. पहाटे ऑइलच्या चेंबरखाली उसाच्या पाचटाचा जाळ होतो. डिझेलच्या टाकीपासून चार हातांवर हा जाळ पाहून नवखा माणूस मागं सरकतो, मालक मात्र तिथंच बसून विडी पेटवतात. तेवढ्यानं भागलं नाही तर डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीचा पलिता करून इंजिनात हवा जाते त्या तोंडाशी धरायचा, म्हणजे आत गरम हवा ओढली जाते. हे धोक्याचं आहे, कुणी करू नये. मालकांच्या उजव्या भुवईवर केस नाहीत ते यामुळंच.

आणि सगळ्यात शेवटी उतार. स्टार्टर केव्हाच गेलेला असल्यामुळं गाडी उतारावर लावणं हा मालकांचा धर्म झाला आहे. आता सोलापूर जिल्हा पडला सपाट. त्यामुळं मालकांच्या डोक्यात जिल्ह्याचा जो नकाशा आहे त्यात गावं नाहीत, उतार आहेत. जेवायचं हॉटेल भाजीच्या चवीवर ठरत नाही. लग्नाची पत्रिका आली की मुहूर्त पाहायच्या आधी विचारतात, ‘कार्यालयासमोर उतार हाय का?’ पुणे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला तेव्हा लोकांना वेग मिळाला, मालकांना उड्डाणपूल मिळाले.

मालकांना एक मुलगा आहे. तो आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा कोर्स पास झाला आहे. त्याचं प्रमाणपत्र काच लावून देवघराशेजारी टांगलेलं आहे आणि त्याला गाडीला हात लावायची परवानगी नाही. त्याचं काम बॅटरी धरण्याचं.

‘कुठं उजेड पाडायलास बे? माझ्या तोंडावर काय नट हाय का?’

‘अप्पा, फिल्टर बदलायला पायजे. हवा तिथनंच घ्यायलीय.’

‘तुला कुणी सांगितलं?’

‘पुस्तकात हाय.’

‘पुस्तक जर्मनांनी लिवलंय. त्यांनी ऊस बघितलाय का कधी?’

मग मालक फिल्टरवरचा स्क्रू सैल करतात, हातपंप मारत बसतात, डिझेलबरोबर बुडबुडे बाहेर येत राहतात. हवा काढून झाली की गाडी सुरू होते, चौथ्या किलोमीटरला पुन्हा हवा धरते. मुलगा काही बोलत नाही. या मुलाबद्दल मला फार आदर आहे. पुण्यात चाकणला नोकरी लागेल एवढं शिक्षण घेऊन हा पोरगा दर हिवाळ्यात बापाच्या तोंडावर उजेड पाडत उभा राहतो.

मालकांची हत्यारं एका गोणपाटात असतात. पाने, पक्कड, छन्नी, टामी आणि एक घण. यातला घण हे खरं हत्यार, बाकीची त्याची प्रस्तावना. त्याशिवाय तेलाच्या पत्र्याच्या डब्यात नटबोल्ट. हा डबा वडिलांच्या काळापासून साठत आला आहे. वडिलांकडं लेलँडची गाडी होती. आता लेलँड मुळात विलायती वळणाची, तिचे नटबोल्ट इंची मापाचे. टाटा जर्मन वळणाची, तिचे मिलीमीटरचे. दोन्हींचे आटे एकमेकांत बसत नाहीत. मालक ते बसवतात. इंची नट मिलीमीटरच्या बोल्टवर दोन आटे सरळ जातो, तिसऱ्याला अडतो, तिथं घण पुढं येतो आणि वरून एम-सील. दोन महायुद्धांत इंग्रज-जर्मनांचं जे जुळलं नाही ते होटगी रोडच्या कडेला जुळतं. हा नट पुन्हा कुणालाही काढता येत नाही. मालक याला गुण समजतात. काम आटोपलं की हात टॉवेलला पुसायचे. बाकी महाराष्ट्रात टॉवेल-टोपीचा आहेर म्हणून जो सोलापुरी टॉवेल सन्मानानं खांद्यावर पडतो, त्याचाच कारखान्यातून बाद झालेला भाऊ इथं ग्रीस पुसतो.

‘सध्यापुरतं केलंय,’ हा मालकांचा आवडता शब्दप्रयोग. टाकीतून डिझेल गळतंय, तिथं कपड्याचा साबण दाबून लावला, सध्यापुरता. तो साबण तिथं सहा हंगाम आहे. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, हे रसायनशास्त्र मालक शाळेत न जाता शिकले. रेडिएटर ठिबकतोय, त्यात मूठभर हळद, सध्यापुरती. पाण्याबरोबर फिरत फिरत हळद भोकापाशी येते आणि तिथं गच्च बसते, गळती थांबते. फक्त तिला भोक कुठलं आणि नळी कुठली हे कळत नाही. दोन-तीन हंगामांत निम्म्या नळ्या बुजतात आणि इंजिन तापायला लागतं. इंजिन तापतंय म्हणून मालक पाणी जास्त घालतात, पाणी जास्त घातलं की जुनी शिवण उसवते, उसवली की पुन्हा हळद. घरातून आवाज येतो, ‘अहो, आमटीपुरती तरी ठेवा!’ हिवाळ्यात रेडिएटरचं झाकण उघडलं की पिठल्याचा वास येतो आणि भूक लागते, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

मालक गॅरेजला का जात नाहीत, याचं सोपं उत्तर पैसा. ते खरं आहे, पण अर्धं. कारखान्याच्या करारापोटी मिळालेली उचल ऊसतोड टोळीच्या मुकादमाला देऊन झालेली असते. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या अवजड गाडीची फिटनेसची फी १२,५०० रुपये झाली, तेव्हा मालक दोन दिवस जेवले नव्हते. पासिंगच्या दिवशी गाडीवर जे मागचे दिवे असतात ते शेजारच्या गाडीचे असतात आणि संध्याकाळी परत जातात. पण उरलेलं अर्धं उत्तर पैशाचं नाही. या गावात दुरुस्ती हा जुना रोग आहे. १८७७ साली इथं जुनी गिरणी सुरू झाली, मागोमाग दुसऱ्या आल्या. त्यांतल्या फिटरांनी विलायतेहून आलेली यंत्रं विलायतेला न विचारता चालवली. तिकडं कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात बार्शी लाइट रेल्वेची छोटी इंजिनं ठोकून-ठाकून रुळावर ठेवणारे कारागीर होते. ती रेल्वे १८९७ सालची. गिरण्या बंद पडल्या, नॅरोगेज उखडली गेली, हात मात्र घरोघर राहिले. सोलापूरच्या पूर्व भागातले जुने यंत्रमाग अजून चालतात ते याच हातांवर. मालकांचे आजोबाही फिटर. तेव्हा आपल्या गाडीला परक्या माणसानं पाना लावणं हे मालकांना बायकोनं शेजाऱ्याकडं जेवण मागण्याइतकं लागतं. माझं मत विचाराल तर या माणसाला ट्रक चालता ठेवायचा नाहीच. चालता ट्रक ड्रायव्हरचा असतो. बंद पडलेला ट्रक पूर्णपणे त्यांचा असतो.

त्याचा पुरावा म्हणजे ही गाडी दुसऱ्या कुणाला चालवता येत नाही. किल्ली केबिनमध्ये लटकलेली असते, चोराची भीती नाही. चोराला आधी दोन वायरी जोडाव्या लागतील, मग सीटखालची सुतळी ओढून धरावी लागेल, क्लच तीनदा मारावा लागेल आणि चौथ्यांदा अर्धाच. शिवाय उतार शोधावा लागेल.

मालकांना खरा आनंद होतो तो नवी गाडी बंद पडलेली दिसली की. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-सहाच्या गाड्या आल्या. त्यांच्या धुरातला विषारी वायू मारण्यासाठी वेगळ्या टाकीत युरियाचं पाणी घालावं लागतं. ते संपलं किंवा त्याचा सेन्सर रुसला की गाडी ताकद आवळून घेते. अशी एक झगझगीत गाडी कारखान्याच्या यार्डात नंबर लावून उभी होती. लॅपटॉपवाला मेकॅनिक शहरातून येणार होता. ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसलेला. मालकांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ‘युरिया उसाला घालायचा का इंजिनाला?’ नंतर पूर्ण हंगामभर ते हे वाक्य सांगत होते. त्याच रात्री त्यांची स्वतःची गाडी वजनकाट्यावर बंद पडली आणि ती ढकलायला त्या नव्या गाडीचा ड्रायव्हर पुढं होता, हा भाग ते सांगत नाहीत.

यार्डात बंद पडणं बरं, तिथं ढकलायला माणसं असतात. मालकांचा खरा हंगाम रस्त्यावर असतो. पंढरपूर रस्त्यावर, रात्री, भरल्या उसासकट. स्प्रिंगचा मेन पाटा तुटलेला, गाडी एका अंगाला कललेली. मालक खाली शिरतात, मुलगा उजेड धरतो. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला गेला नाही तर वजन घटतं आणि साखरेचा उताराही घटतो. सकाळी शाळेला निघालेली पोरं मागून कांड्या ओढायला लागली की वजन आणखी वेगानं घटतं. मालक खालूनच ओरडतात, पोरं पाय मोजतात, दोनच आहेत आणि तेही बाहेर येण्याच्या स्थितीत नाहीत हे ओळखतात आणि सावकाश ऊस निवडून घेतात. दुपारी कधीतरी तुटलेल्या पाट्याला टायरचा तुकडा आणि साखळी आवळून गाडी हलते. सध्यापुरती. आणि हलते ती खरोखर कारखान्यापर्यंत जाते, हे कबूल केलं पाहिजे. या जिल्ह्यातल्या पुष्कळ शेतकऱ्यांचा ऊस असल्या साखळ्यांवरच काट्यावर पोचला आहे. शेतकरी शिव्या देतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा यांनाच सांगतो.

एक गोष्ट मात्र मला मालकांना सांगायची आहे, आणि ती हळद-साबणाबद्दल नाही. गाडी बंद पडली की चाकांना उटी म्हणून तुम्ही मोठाले दगड लावता. तुमच्या मागच्या दिव्यांचा पत्ता नसतो, म्हणून खुणेसाठी मागं पंधरा-वीस पावलांवर आणखी दगड मांडता आणि बाभळीची फांदी टाकता. तेही ठीक. पण गाडी सुरू झाली की तुम्ही उताराच्या आनंदात निघून जाता आणि दगड डांबरावर तसेच राहतात. जानेवारीच्या रात्री, धुक्यात, मोटारसायकलवाल्याला ते दिसत नाहीत. मागून एसटीही येत असते. तेव्हा मालक, हात जोडून सांगतो, कारखान्याकडून दर हंगामात मिळणारे रिफ्लेक्टर घराच्या कपाटातून काढून गाडीला लावा, आणि निघण्याआधी पोराला सांगा, बॅटरी खाली ठेव आणि ते दगड उचल.